मुलांच्या हाती कोणती पुस्तके द्यावीत?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि मुलांच्या सहवासात गेलेले आयुष्य, एवढेच आमचे भांडवल. त्या भांडवलावर जे कमावले आणि जे गमावले, त्याचा हिशेब आपणांपुढे ठेवतो.

प्रथम गमावल्याचा हिशेब. शाळेत असताना ग्रंथालयाचे काम काही वर्षे आमच्याकडे होते. ग्रंथालय म्हणजे एक लाकडी कपाट, आणि त्याची किल्ली आमच्या खिशात. पुस्तके मळू नयेत, फाटू नयेत, वर्षअखेरच्या मोजणीत एकही कमी भरू नये, याची काळजी आम्ही डोळ्यांत तेल घालून घेत असू. ती वाचली जावीत याची काळजी मात्र आम्ही घेतली नाही. एके दिवशी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा गणिताच्या तासाला मांडीवर पुस्तक ठेवून वाचताना सापडला. ते भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’चे पुस्तक होते. आम्ही ते काढून घेतले, आणि ‘वाचायचेच असेल तर हे वाच’ असे म्हणून एका थोर पुरुषाचे चरित्र त्याच्या हाती दिले. दुसऱ्याच दिवशी त्याने ते निमूटपणे परत केले. त्यानंतर वर्षभर तो कपाटाकडे फिरकला नाही. तासाला अवांतर वाचणे चूक, हे आम्ही आजही म्हणू. परंतु त्या मुलास वाचनाची आवड नव्हती असे नव्हे. त्याला आमची निवड नको होती. शिस्त राखली आणि वाचक गमावला, असा तो व्यवहार झाला.

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा लहान नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले. वा. गो. आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ साली निघाला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ना. धो. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ दिली. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठीत आणल्या. विंदा करंदीकरांसारख्या थोर कवीने १९६१ साली ‘राणीची बाग’ हा बालकवितांचा संग्रह दिला. १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ मासिक निघत आहे. आपल्या काळात माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ यांसारखी सुंदर चित्रमय पुस्तके लहानग्यांसाठी केली. तेव्हा उणीव पुस्तकांची नाही. आपल्या भिवंडीच्या आसपास पूर्णे, मानकोली, दापोडे या गावांत जी अफाट गोदामे उभी आहेत, त्यांतून देशभर जाणाऱ्या मालात पुस्तकांची खोकीही असतात. ती आपल्या दारावरून जातात. घरात उतरत नाहीत.

उतरली तरी कोणती उतरतात? आपल्याच मंडळाच्या बक्षिसांकडे पाहावे. थोरांची चरित्रे, सुविचारांची पुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके! यांत वाईट काहीच नाही. परंतु रोज केवळ काढाच पाजला तर मूल जेवणाच्या ताटावरूनही उठून जाईल. पुस्तकाचा पहिला धर्म उपदेश नव्हे, रंजन होय. ज्याला वाचनाची गोडी लागली, तो पुढे चरित्रांकडे आपणहून जाईल. ज्याला लागली नाही, त्याच्या घरी चरित्रांची रास पडली तरी व्यर्थ.

दुसरी गोष्ट विविधतेची. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर ती बोलणे थोडे अवघड आहे. पण येथे न बोलावी तर कोठे? आपल्या मुलांना आपले संत, आपले पूर्वज, आपल्या समाजातील कर्तबगार स्त्रीपुरुष ठाऊक असावेत, हे योग्यच. परंतु आपले मूल राहते कोठे? याच गावात उत्तरेकडून आलेली उर्दूभाषक विणकर कुटुंबे आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे आगरी, कोळी, कुणबी आहेत. भिंतीला भिंत लागून घरे आहेत, आणि पलीकडच्या घरात सण कसा होतो, आई मुलाला काय म्हणून हाक मारते, हे आपल्या मुलास ठाऊक नाही. १९७० आणि १९८४ सालच्या दंगली आमच्या वयाच्या माणसांच्या स्मरणातून जात नाहीत. पुस्तकांनी दंगल टळते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्या शेजाऱ्याविषयी आपण काहीच जाणत नाही, त्याच्याविषयी कोणतीही अफवा खरी वाटते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नुसत्या उभ्या धाग्यांचे कापड होत नाही, आडवा धागा लागतोच, हे भिवंडीकरांस आम्ही काय सांगावे!

म्हणून वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती परक्या अंगणातील पुस्तकेही द्यावीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) धनगरांच्या वस्तीत नेते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ एकाच संसारात दोन धर्म कसे नांदले, भांडले आणि समजुतीस आले, हे हसतखेळत सांगतात. राम पटवर्धनांनी १९६७ साली मराठीत आणलेले ‘पाडस’ अमेरिकेतील जंगलालगतच्या एका मुलाची गोष्ट सांगते, आणि शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ तिकडच्याच चार बहिणींची. ‘तोत्तोचान’मध्ये जपानातील आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा भेटते. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) शिक्षणासाठी झगडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची कहाणी आहे. ती वाचून फुकट मिळालेल्या शाळेची किंमत कळते.

‘बलुतं’चे नाव काढताच काही वडीलधारी मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. लहानांसाठी ते नव्हे, हे मान्य. परंतु महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील मुलाने ते अवश्य वाचावे. जातीने कोणाला काय दिले एवढेच नव्हे, तर कोणाचे काय हिरावून घेतले, हेही जातीच्या संस्थेने आपल्या मुलांपासून लपवू नये. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषणास बसलेले साने गुरुजी आपल्याला ‘श्यामची आई’पुरतेच हवे आहेत काय? ज्यांनी भारतातील भाषांनी एकमेकींस ओळखावे म्हणून ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, तेही तेच गुरुजी होत.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पुस्तक आणावयाचे झाल्यास मुलास बरोबर न्यावे. तीन घ्यायची तर दोन त्याने निवडावीत, एक आपण. लहानांसाठी अक्षर मोठे आणि चित्रे बोलकी पाहावीत. घरी पहिली दोन पाने आपण मोठ्याने वाचून दाखवावीत. मन रमले नाही तर पुस्तक बाजूस ठेवावे, रागावू नये. मुलांची पुस्तके आणि मुलींची पुस्तके असे दोन ढीग करू नयेत. फेणे मुलींनी वाचावा, चिंगी मुलांनी वाचावी. गोष्टींबरोबर विज्ञान, प्रवास, विनोद, कविता यांनाही फळीवर जागा असावी. मोबाइलला शिव्या देऊन तो सुटणार नाही. ‘किशोर’चे जुने अंक आता त्यावरच विनामूल्य वाचता येतात, ते दाखवावेत. पैशांची अडचण असेल त्यांनी सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावे. आपल्या ठाण्यासच १८९३ सालापासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, वडिलांच्या हाती कधीच पुस्तक दिसत नसेल तर मुलाने ते का धरावे?

शेवटी मंडळास एक नम्र विनंती. पुढील वर्षी गुणवंत मुलांस जी स्मृतिचिन्हे दिली जातील, त्यांचा खर्च पुस्तकांवर करावा. आणि ती पुस्तके आम्ही म्हाताऱ्यांनी बंद खोलीत बसून न निवडता, टेबलावर मांडून मुलांस स्वतः उचलू द्यावीत. कोणी फेणे उचलील, कोणी कविता, कोणी एखादे असे पुस्तक की ज्याचे नावही आपण ऐकले नसेल. उचलू द्यावे! कपाटाची किल्ली आम्ही फार वर्षे खिशात बाळगली. ती आता मुलांच्या हाती द्यावी, एवढेच मागणे आहे.