उग्र मासळीची पाकसिद्धी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी भिवंडी येथे केलेले भाषण)



आजच्या स्नेहसंमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही विषय विचारला. ते म्हणाले, "गुरुजी, विषय आपल्या आवडीचा घ्या." ज्या माणसाने उभी हयात मुलांना शुद्धलेखन आणि अंकगणित शिकविण्यात घालविली, तो विद्या, शिस्त किंवा चारित्र्य यांवर बोलेल अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र आज बांगड्याविषयी बोलणार आहोत. आपण हसलात, याचे आम्हांस वाईट वाटत नाही. विषय ऐकून आमच्या सूनबाईही हसल्या होत्या. परंतु या विषयापायी आमच्या घरी एकदा रडण्याचा प्रसंग आला होता, तो ऐकल्यावर विषय क्षुल्लक नाही हे आपणांस पटेल.

आपल्या ज्ञातीत मत्स्याहार नवा नाही. भिवंडीस समुद्र नाही, पण खाडी आहे. काल्हेर-कशेळीच्या बाजूने येणारी बोय, चिवणी, निवट्या आणि शिंगाळा यांच्यावर आमच्या पिढीचे बालपण पोसले. समुद्राची मासळी मुंबईच्या बंदरांतून आणि वसई-अर्नाळ्याकडून येई. त्या काळी घरात उग्र मासळी आणि सौम्य मासळी असा पंक्तिभेद नव्हता. सांप्रत तो पडला आहे. पापलेट आणि सुरमई यांना नव्या घरांत मानाने प्रवेश मिळतो. बांगडा, तारली, मुशी, शिंगाळा यांना मात्र उंबऱ्याबाहेर थांबावे लागते. कारण एकच सांगितले जाते: वास येतो, शेजारी नाके मुरडतात.

आता आमची हकीगत सांगतो. आमच्या कुटुंबास देवाज्ञा झाल्याला सहा वर्षे झाली. तोपर्यंत आम्ही स्वयंपाकघरात पाणी पिण्यापुरतेच जात असू. त्या बाजारात निघाल्या की हातात पिशवीऐवजी ॲल्युमिनियमचा एक झाकणाचा डबा असे. आधी बर्फवाल्याकडून बर्फाचा चुरा घ्यायचा, मग मासळी, मग पुन्हा वर बर्फ, आणि डब्याभोवती ओले फडके. आम्ही त्या डब्याची पुष्कळ थट्टा केली. "बाजार हाकेच्या अंतरावर, आणि बाई निघाल्या काशीयात्रेला," असे आम्ही म्हणत असू. त्या काही बोलत नसत.

त्यांच्या पश्चात आम्ही हळूहळू स्वयंपाक शिकलो. एका ऑक्टोबरात ठाण्याहून चिरंजीव, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू येणार होते. आम्ही सकाळीच मंडईतून सहा बांगडे घेतले. डोळे चकचकीत, कल्ले लालबुंद, अंग ताठ. मासळी निर्दोष होती. वाटेत एक जुने सहाध्यापक भेटले, त्यांच्या ओट्यावर गोष्टी रंगल्या आणि बांगडे प्लास्टिकच्या पिशवीत तीन तास उन्हाच्या झळीत पडून राहिले. घरी येऊन आम्ही ते धुतले, मसाला लावला, रस्सा उत्तम झाला. जेवणानंतर अर्ध्या तासात नातवाचे तोंड आणि मान लाल झाली, अंगावर गांधी उठल्या, डोके दुखू लागले. सूनबाईंनाही तसेच झाले. नातू रडू लागला, आणि आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. डॉक्टरांनी औषध दिले आणि सायंकाळपर्यंत दोघांना उतार पडला. पण त्या दिवसापासून ठाण्याच्या घरात बांगड्याचे नाव निघेनासे झाले. बांगडा मुलाला सोसत नाही, असा निवाडा झाला.

तो निवाडा चुकीचा होता. डॉक्टरांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला होता: "गुरुजी, मासळी घेतल्यापासून चुलीवर जाईपर्यंत कोठे होती?" आम्ही खरे सांगितले. ते म्हणाले, "मग दोष बांगड्याचा नव्हे, पिशवीचा." त्या क्षणी आम्हांस फळीवरचा तो डबा आठवला. ज्याची आम्ही आयुष्यभर थट्टा केली, ते शास्त्र होते.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरीही त्यानंतर आम्ही पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते आपणांपुढे साध्या शब्दांत ठेवतो. बांगडा, तारली, कुपा या मासळ्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासळी उबेत राहिली की जंतू त्याचे हिस्टामाइन करतात. अंगावर गांधी उठविणारे द्रव्य ते हेच. ते शिजवून किंवा तळून नष्ट होत नाही, आणि पुष्कळदा वासावरूनही कळत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे पहिल्यापासून थंडावा. जितकी मासळी तितकाच बर्फ, हे प्रमाण आपल्या उष्ण हवेत लक्षात ठेवावे.

आता वासाकडे वळू. उग्र वास हा एकच नसून तो तीन प्रकारचा आहे, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. हे न जाणता सर्वांवर एकच मसाला थापणे म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेले हाड यांवर एकच काढा पाजण्यासारखे आहे.

पहिला वास समुद्राच्या मासळीचा. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखण्यासाठी माशाच्या मांसात एक निर्गंध द्रव्य असते. मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला 'मासळीचा वास' म्हणतो तो मुख्यत्वे याचा. म्हणजे हा वास माशाचा नसून गेलेल्या वेळेचा आहे. हे द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे आंबट पदार्थाशी गाठ पडताच त्याचा क्षार बनतो आणि ते हवेत उडत नाही. आपल्या आज्यांनी मासळीला चिंच किंवा कोकम लावले ते केवळ जिभेसाठी नव्हे. बांगडा आणि तारली यांत चरबीही पुष्कळ असते. ती हवा लागून लवकर खवट होते आणि वासात भर घालते. हीच चरबी हृदयाला हितकर मानली जाते, हेही ध्यानात असावे.

दुसरा वास मुशीचा. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क. त्याच्या मांसात युरिया असतो आणि त्याचा पुढे अमोनिया होतो. म्हणून मुशी आणली त्याच दिवशी करावी. तिच्यावर कढत पाणी ओतून खरखरीत कातडे खरवडून काढावे, तुकडे हळद-मीठ घालून एक उकळी द्यावे आणि ते पाणी टाकून द्यावे. मगच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवावे.

तिसरा वास गाळाचा. शिंगाळा, आणि हल्ली बाजारात येणारे तळ्यातील रोहू-कटला यांत तो आढळतो. पाण्यातील शेवाळ व जंतू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या कातडीत आणि चरबीत मुरते. यावरही आंबट गुणकारी आहे. खाडीकाठच्या बाया शिंगाळ्याला राख चोळून त्याचा बुळबुळीतपणा काढीत. आपण जाडे मीठ चोळावे, शक्य तर कातडी काढावी, आणि चिंचेच्या कोळात पाव तास ठेवावे. मात्र मासळीला रॉकेलासारखा किंवा रसायनाचा वास आला, तर तो कोणत्याही मसाल्याने झाकू नये. आपल्या खाडीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. तशी मासळी टाकून द्यावी.

आता प्रत्यक्ष कृती. बांगडा घरी येताच कल्ले काढावेत, पोट चिरून आतडी काढावीत, पोटाच्या आतील काळा पडदा खरवडावा, आणि कण्याला चिकटलेले रक्त अंगठ्याने मीठ चोळून धुवावे. वासाचे मूळ या चार ठिकाणी आहे. धुणे तुकडे करण्यापूर्वी व्हावे. तुकडे करून पुन:पुन्हा धुतल्यास वास फारसा जात नाही, चव मात्र जाते. नंतर हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून पाव तास ठेवावे.

आमच्या ठाणे जिल्ह्याच्या घरांत भुजणे करतात, ते उग्र मासळीला फार मानवते. मध्यम आकाराच्या चार बांगड्यांस लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर जाडसर ठेचावी. त्यात हळद, चमचाभर लाल तिखट, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ आणि दोन पळ्या तेल घालावे. हे सर्व तुकड्यांना हाताने चोळावे, तुकडे जेमतेम बुडतील इतकेच पाणी घालावे आणि टोप मध्यम आचेवर ठेवावा. फोडणी नाही, परतणे नाही. दहा-बारा मिनिटांत मासळी शिजते. डाव घालू नये, टोप फडक्याने धरून हलवावा. अधिक शिजविल्यास मांस कोरडे होते आणि चरबी सुटून वास वाढतो. दक्षिण कोकणात व गोव्यात बांगड्याला तिरफळे घालतात. तीही आठ-दहा ठेचून शेवटच्या उकळीला घालावीत, आतील काळे बी मात्र काढून टाकावे.

शेजाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. जिन्यात पसरतो तो बहुधा जळलेल्या चरबीचा वास असतो. तेल धुरावेपर्यंत तापवून बांगडा तळला की चार मजल्यांना वार्ता पोहोचते. म्हणून चाळ-इमारतीत राहणाऱ्यांनी रस्सा किंवा भुजणे करावे. तळणे असल्यास तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर तळावे. कल्ले-आतडी कागदात बांधून त्याच वेळी बाहेर टाकावीत. भांडी प्रथम थंड पाण्याने धुवावीत, गरम पाणी नंतर. हातांना चिंचेचा चोथा किंवा लिंबाचे साल चोळावे. शेजाऱ्याच्या नाकाचा मान राखणे हा सद्गृहस्थाचा धर्म आहे. परंतु तो राखण्यासाठी आपले अन्न टाकण्याचे कारण नाही.

उग्र मासळीची लाज केवळ आपणच का बाळगावी? जपानात बांगड्याचा भाईबंद आले आणि मिसो घालून आवडीने शिजवितात, किंवा मीठ व शिरका लावून खातात. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात जूनमध्ये संत अँथनीच्या उत्सवात रस्त्यारस्त्यावर तारलीची भावंडे निखाऱ्यांवर भाजतात आणि सारे शहर त्या धुरात आनंदाने फिरते. इंग्रज लोक हेरिंग शिरक्यात मुरवितात. देश निराळे, पण युक्ती एकच: ताजेपणा, आंबट आणि सुगंधी मसाला.

बंधुभगिनींनो, आमचे मुख्य सांगणे आता येते. ही विद्या आपल्या घरांत होती, पण ती स्त्रियांच्या हातांत होती आणि आम्हां पुरुषांनी ती कधी विचारली नाही. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' हे पाकशास्त्राचे जाडजूड पुस्तक लिहून आपल्या परंपरेतील पाकक्रिया नोंदवून ठेवल्या. आपल्या किती आयाबहिणींचे ज्ञान असे कागदावर उतरले? आमच्या कुटुंबाने डब्याचे कारण कोणास सांगितले नाही, कारण आम्ही थट्टा केली, प्रश्न केला नाही. शिक्षक म्हणून आम्ही हजारो प्रश्न विचारले असतील. तो एक प्रश्न राहून गेला, आणि त्याची किंमत नातवाने भरली.

यास्तव आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे की, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत काही पाने राखून ठेवावीत. प्रत्येक घराने आपल्याकडील एका वृद्ध स्त्रीजवळ बसून एक कृती लिहून घ्यावी. केवळ जिन्नस व प्रमाण लिहू नये, ती तसे का करते हेही विचारावे, आणि खाली तिचेच नाव घालावे. हे लिहिण्याचे काम पुरुषांनी करावे.

शेवटी नातवाविषयी सांगतो. वर्षभर त्याने बांगड्याकडे पाहिले नाही. मग डॉक्टरांचा सल्ला घेऊन सूनबाई स्वत: म्हणाल्या, "मामंजी, या वेळी डबा घेऊन मीच तुमच्याबरोबर मंडईत येते." बर्फ घेतला, मासळी घेतली, कोठेही न थांबता आम्ही घरी आलो. नातवाने प्रथम एक लहान तुकडा घेतला आणि थोडा वेळ आरशात आपले तोंड पाहत बसला. काही झाले नाही. मग त्याने भात मागितला. आता तो भिवंडीस आला की डबा त्याच्या हाती असतो, आणि कोणी हसले तर डबा कशासाठी हे तो आमच्याहून चांगले समजावून सांगतो.