गेला म्हटलं की परत हजर

गेले तीन आठवडे एपिसोड आला नाही म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज केले. एकानं तर विचारलं, "ताई, गावात लाईट नाही का?" लाईट होती. कॉम्प्युटरही टेबलावर जागच्या जागी होता. फक्त त्याला हात लावायची मला भीती वाटत होती. आजचा एपिसोड मोबाइलवर रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागून पंख्याचा आवाज येईल. सांभाळून घ्या.

तर झालं असं. आमचं गाव हिंगणघाटपासून पंधराएक किलोमीटरवर. घरी कापूस, तूर, थोडं सोयाबीन. लॉकडाऊनमध्ये माझ्या ऑनलाइन क्लाससाठी बाबांनी नागपूरहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. क्लास संपले, कॉम्प्युटर राहिला. मग गावातले लोक फॉर्म भरायला यायला लागले. पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती. मी एका फॉर्मचे तीस रुपये घेते. डेस्कटॉपवर एक फोल्डर आहे, त्याचं नाव 'गाव'. त्यात साठ-सत्तर जणांचे आधार कार्ड, पासबुक, सातबारा, सह्यांचे फोटो. हे फोल्डर लक्षात ठेवा.

एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. "तू इन्स्टावर हे काय टाकलं? पैसे डबल करून देते म्हणे!" मी काहीच टाकलं नव्हतं. इन्स्टा उघडलं, तर माझ्याच फोटोसकट कुठल्यातरी कॉइनची जाहिरात. जीमेलमध्ये रात्री दोन वाजताचा लॉगिन. दोन वाजता आमच्या घरी फक्त मांजर जागं असतं.

कॉम्प्युटर सुरू केला. लॉगिन होताच एक काळी खिडकी चमकून गेली, डोळा लवायच्या आत. पंखा ट्रॅक्टरसारखा. विंडोजचा डिफेंडर म्हणाला, ट्रोजन सापडला. मी 'रिमूव्ह' दाबलं, त्यानं 'काढला' म्हणून सांगितलं. रीस्टार्ट केलं, पुन्हा सापडला. पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच, त्याच फोल्डरमध्ये, जसा काही रात्रपाळी करून घरी आला.

ट्रोजन म्हणजे काय, थोडक्यात. व्हायरस एका फाइलमधून दुसरीत स्वतः पसरतो. ट्रोजनला आपण स्वतः दार उघडून आत घेतो, कारण तो कामाच्या वस्तूचं सोंग घेऊन येतो. ग्रीकांच्या लाकडी घोड्यावरून हे नाव पडलं. पण आपल्याला घोड्यापर्यंत जायची गरज नाही, आपल्याकडे पूतना मावशी आहे. बाळाला दूध पाजायला म्हणून आली होती ती.

पहिला संशय दादावर. तो गेम डाउनलोड करतो, कुठून करतो देव जाणे. मी त्याला आईसमोर वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "मी दोन महिने झाले त्या डब्याले हात नाही लावला." मी ऐकलं नाही. हिंगणघाटातल्या एका रिपेअरवाल्याकडे डबा नेला. त्यानं पाचशे रुपये घेतले आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट करून दिला. डी ड्राइव्हला हात लावला नाही, कारण 'गाव' फोल्डर तिकडे हलवलेलं होतं. घरी आणला, माझी सगळी सॉफ्टवेअर परत टाकली, आणि चौथ्या दिवशी काळी खिडकी पुन्हा चमकली. मी रडले, खरं सांगते.

बाबा कापूस वेचून आले होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही, पण माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुंदा वरून कापला तं जाते का कधी? उन्हाळ्यात खोल नांगरून काशा वेचा लागते. एक काशी राहिली का झालं, पुन्हा वावरभर."

शेतातल्या पोरीला हे आधीच सुचायला पाहिजे होतं. मी तीन दिवस नुसती पानं कापत होते. डिफेंडर जी फाइल काढत होता ते पान. ती फाइल परत कोण आणतं, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मग नेटची वायर काढली आणि काशा शोधायला बसले. मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' नावाचं एक फुकट टूल आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं, त्याची सगळी यादी ते दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे, म्हणजे बाहेरच्याच उरतात. मामेबहिणीच्या लॅपटॉपवर ते उतरवून पेन ड्राइव्हनं आणलं. एक काशी रजिस्ट्रीमध्ये सापडली. दुसरी टास्क शेड्यूलरमध्ये. नाव एकदम सभ्य, कुठल्यातरी अपडेटचं, पण दर दहा मिनिटांनी चालणारं, आणि बोट अ‍ॅपडेटामधल्या एका लपवलेल्या फोल्डरकडे. म्हणजे मी फाइल उडवायची, आणि दहा मिनिटांत या टास्कनं ती नेटवरून परत उतरवायची. सोपं गणित.

पण फॉरमॅटनंतर हे दोन्ही जायला पाहिजे होतं ना? सी ड्राइव्ह तर कोरा झाला होता. मग परत पेरलं कुणी?

याचं उत्तर डिफेंडरच्या सेटिंगमध्ये होतं. तिथे 'एक्सक्लुजन' नावाची एक यादी असते. या जागा तपासू नकोस, असं आपण त्याला सांगून ठेवायचं. त्या यादीत आमचा आख्खा डी ड्राइव्ह होता. आणि तो तिथे मी टाकला होता. स्वतःच्या हातानं, दोनदा.

हा पॉडकास्ट सुरू केला तेव्हा आवाज साफ करायला एक महागडं सॉफ्टवेअर पाहिजे होतं. टेलिग्रामवर त्याचा क्रॅक मिळाला. सोबत एक टेक्स्ट फाइल, त्यात सूचना: आधी अँटीव्हायरस बंद करा, हे फोल्डर एक्सक्लुजनमध्ये टाका, मग सेटअप चालवा. मी कोणतं फोल्डर ते शोधायचा कंटाळा केला आणि सगळा ड्राइव्हच टाकला. रखवालदाराला म्हटलं, तू झोप, पाहुणे येणार आहेत. सेटअप डी ड्राइव्हवर जपून ठेवला, आणि फॉरमॅटनंतर तोच सेटअप, त्याच सूचना वाचून, परत चालवला. तुम्ही ऐकलेले पहिले सहा एपिसोड त्या सॉफ्टवेअरवर झाले आहेत.

दादाला सॉरी म्हणायला मला दोन दिवस लागले. तो फक्त "हं" म्हणाला. ते जास्त लागलं.

आता इन्स्टाचं कसं झालं, ते. असल्या ट्रोजनला चोरटा म्हणा. तो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तर उचलतोच, पण त्याहून वाईट म्हणजे कुकी उचलतो. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक चिठ्ठी जपून ठेवतो, 'हिला आत सोडा' अशी. ती चिठ्ठी चोराकडे गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. ल्युमा नावाचा असाच एक चोरटा आहे. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटरांत तो मायक्रोसॉफ्टला सापडला. फुकटच्या क्रॅकमधून येणं ही त्याची आवडती वाट. आमच्याकडचा तोच होता असं मी म्हणत नाही, जातकुळी तीच.

मला मात्र दुसरीच गोष्ट खात होती. तो किती दिवस बसून होता? इन्स्टावर जाहिरात टाकली म्हणून कळलं. नसती टाकली तर? आपल्या शेजारचं, नागपूरचं प्रकरण आठवा. भीमा कोरेगाव खटल्यातले वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगनं तपासली. २०२१ च्या त्यांच्या अहवालात म्हटलंय की त्यात नेटवायर नावाचा ट्रोजन ईमेलमधून शिरला आणि वीस महिन्यांवर तिथे होता, आणि त्यातून बाहेरच्या कुणीतरी फाइली आत ठेवल्या. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि ते ठरवणं कोर्टाचं काम, माझं नाही. मला फक्त तो आकडा टोचतो. वीस महिने! आणि हा नेटवायर कुठल्या अंधाऱ्या बाजारात नाही, वेबसाइटवर उघड विकायला होता. ती वेबसाइट मार्च २०२३ मध्ये अमेरिकी पोलिसांनी ताब्यात घेतली.

तर खोल नांगरणी. आधी मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले, कॉम्प्युटरवरून नाही, नाहीतर नवा पासवर्डही त्यालाच मिळाला असता. पासवर्ड बदलून चोरलेली चिठ्ठी रद्द होतेच असं नाही, म्हणून गूगल आणि इन्स्टा दोन्हीकडे 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट' केलं. मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. त्यात विंडोज जागं व्हायच्या आधीच तपासणी होते, म्हणजे ट्रोजनला लपायला वेळ मिळत नाही. त्यानंतर फक्त फोटो आणि पीडीएफ बाहेर काढले. एकही सेटअप नाही, एकही झिप नाही. मामेबहिणीच्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेतलं, आणि सी, डी, सगळे भाग पुसून डिस्क एकदम कोरी केली. क्रोममध्ये साइन इन केल्यावर एक अनोळखी एक्स्टेन्शन सिंकमधून परत आलं, तेही काढलं. शेवटची काशी तीच होती. आवाजासाठी आता ऑडॅसिटी वापरते. फुकट आहे, सरळ मार्गानं फुकट.

सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र म्हणून एक आहे, २०१७ पासून. त्यांच्या साइटवर सफाईची टूलं फुकट मिळतात. मला ते उशिरा कळलं. आणि पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, सफाई नंतर.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही, मोबाइल आहे. पूतना तिथेही येते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, पीएम किसानची यादी येते, गाडीचं चालान येतं, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी असतं एपीके. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. ते अ‍ॅप असतं. दाबलं की 'अनोळखी अ‍ॅपला परवानगी द्या' असं फोन विचारतो. ती परवानगी म्हणजे माझं एक्सक्लुजनच. मग ते मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी वाचतं.

राहिलं ते 'गाव' फोल्डर. त्यातून काही बाहेर गेलं का, हे मला सांगता येत नाही, आणि हेच सगळ्यात जास्त बोचतं. इन्स्टा माझं होतं. पासबुकं लोकांची होती. आई म्हणाली, "गप राह्य, कोणाले समजते?" बाबा काही बोलले नाहीत, चप्पल घातली आणि माझ्यासोबत निघाले. आम्ही दोन संध्याकाळी घरोघर फिरलो. प्रत्येकाला सांगितलं की तुमचे कागद माझ्या मशीनमध्ये होते आणि मशीनमध्ये चोर होता, बँकेतून कोणी बोलतो म्हणून फोन आला तर ओटीपी देऊ नका, आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं असेल तर मी करून देते. दोघातिघांनी घरी येऊन करून घेतलं. एक काका चिडले, पुन्हा येणार नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

शेवटचं घर आमच्या गल्लीतल्या काकूचं. त्यांनी सगळं ऐकलं, आत गेल्या, आणि पिशवीतून पासबुक आणि आधार काढून माझ्या हातात दिलं. "ते चोराचं जाऊ दे व माय. पोरीच्या शिष्यवृत्तीची उद्या शेवटची तारीख हाय." मी तिथेच ओट्यावर बसून फॉर्म भरला. भरून झाल्यावर काकूंच्या समोरच त्यांचे कागद फोनमधून डिलीट केले, आणि डिलीट झालेले कुठे जाऊन बसतात, तो डबाही रिकामा करून दाखवला.