सोनागाछीतील अनुभव : आरोग्य आणि स्त्रीचा अधिकार

लैंगिक आरोग्याचा विषय निघाला की प्रथम अज्ञानाकडे बोट दाखविले जाते. तरुण पिढीला माहिती द्यावी म्हणजे रोग आटोक्यात येतील, अशी ही समजूत. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ती किती अपुरी आहे, हे कोलकात्यातील सोनागाछी या वस्तीने दाखवून दिले.

भारतात एच. आय. व्ही. ची लागण प्रथम 1986 मध्ये आढळली. 1992 मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी सोनागाछीत काम आरंभिले, तेव्हा निरोधचा नियमित वापर शेकडा 3 च्या आसपास होता. दवाखाना निघाला, वस्तीतल्याच स्त्रिया दारोदार जाऊन माहिती देऊ लागल्या. माहिती पोहोचली, आणि खरी अडचण तेथेच उघड झाली. गिऱ्हाइकाने निरोध नाकारला तर एकट्या स्त्रीने काय करावयाचे? तो शेजारच्या दाराशी जाणार. इकडे खोलीचे भाडे थकलेले, सावकाराचे व्याज चढत चाललेले. अशा स्त्रीला आरोग्याचा उपदेश करणे म्हणजे नसलेला अधिकार वापरावयास सांगणेच होय.

1995 मध्ये या स्त्रियांनी ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ स्थापन केली. त्याच वर्षी त्यांची ‘उषा’ ही सहकारी संस्थाही उभी राहिली. सावकाराचा पाश सैल झाला, आणि शेजारचे दारही तेच उत्तर देऊ लागल्यावर नकाराला अर्थ आला. अल्पवयीन मुलींना या व्यवसायात आणले जाऊ नये म्हणून पुढे स्वनियंत्रण मंडळेही नेमली गेली. काही वर्षांतच बहुसंख्य स्त्रिया निरोधचा आग्रह धरू लागल्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील अशा वस्त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रियांना लागण झाली होती. सोनागाछीत हे प्रमाण शेकडा 10 च्या आसपासच राहिले. दोन शहरांतील सर्व अंतर संघटनेनेच पडले, असे म्हणणे अर्थातच धाडसाचे ठरेल.

तथापि जी अडचण सोनागाछीत दिसली, ती प्रतिष्ठित घरांतही आहे. तेथे ती बोलून दाखविली जात नाही, एवढेच. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पश्चिम बंगालमधील 20 ते 24 वयोगटातील शेकडा 41 हून अधिक स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वीच झालेला होता. शाळेच्या पुस्तकातील धडा अशा मुलीने वाचलेलाही असेल. पण सासरी, पतीपुढे ‘नाही’ म्हणताना तिच्या पाठीशी ना समिती असते, ना स्वतःच्या नावाचे बचतखाते.