घरच्या घरी सीएनसी
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेत आता एखाद्या तरी दुकानावर ‘सीएनसी वर्क’ अशी पाटी दिसते. आत डोकावलं तर एक यंत्र दाराच्या फळीवर मोर कोरत असतं. माणूस बाजूला चहा पीत बसलेला. तो मोर बहुतेक वेळा एकच असतो, कारण त्याची फाइल एकाने विकत घेतलेली असते आणि बाकीच्यांना ती पेन ड्राइव्हवर मिळालेली असते. नंदुरबारपासून नागपूरपर्यंत नव्या घरांच्या दारांवर हा एकच मोर नाचतो आहे. त्याबद्दल माझी तक्रार आहे, पण ती पुन्हा कधीतरी. आज सांगायचं आहे ते मोराबद्दल नाही, तर कोरणाऱ्या यंत्राबद्दल. हे यंत्र घरी बांधता येतं का, आणि बांधलं तर ते सुधारायचं कसं?

आधी यंत्र म्हणजे काय ते पाहू. लेथ आपल्या ओळखीचा आहे. लेथवर काम, म्हणजे कारागिराच्या भाषेत जॉब, फिरतो आणि हत्यार स्थिर असतं. मिलिंगमध्ये उलट. इथे कटर फिरतो आणि जॉबवरून डावीउजवीकडे, मागेपुढे आणि वरखाली सरकतो. हे सरकवण्यासाठी पूर्वी कारागीर हाताने चाकं फिरवायचा. सीएनसीमध्ये ती चाकं मोटरी फिरवतात आणि मोटरींना किती फिरायचं ते आकडे सांगतात.

आकड्यांवर यंत्र चालवण्याची कल्पना विणकरांकडून आली, असं म्हणायला हरकत नाही. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमाराला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग बनवला. सुरतेला साडीच्या कारखान्यात कामाला गेलेल्या आपल्या भागातल्या मंडळींना ‘जॅकार्ड’ हा शब्द नवा नाही. पुढे अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदाराला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक मोजायचे आणि कापायचे होते. त्यातून मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेत काम सुरू झालं आणि १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. त्याचं नियंत्रण करणाऱ्या कपाटात शेकडो व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आज तेच काम तळहातावर मावणारा एक बोर्ड करतो. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा शिकाऊंसाठीचा बोर्ड आला आणि २००९ मध्ये त्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ नावाची मोफत प्रणाली. घरगुती सीएनसी खऱ्या अर्थाने तेव्हापासून सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

आपल्या राज्यात या गोष्टीचं एक ठळक ठिकाण आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून या अवर्षणग्रस्त गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं, हा त्यांचा आग्रह. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. ‘फॅब’ म्हणजे घडवणं. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिचं नाव घेतलं जातं. बोस्टनमध्ये जी साधनं विद्यार्थ्याच्या हाती पडत होती तशीच, त्यात सर्किट बोर्ड कोरणारं लहानसं मिलिंग मशीनही आलं, पाबळच्या पोरांच्या हाती पडली. कालबाग २००३ मध्ये गेले. काम चालू राहिलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान आले, कॅमेरे आले, संध्याकाळी परत गेले. नवं तंत्रज्ञान आपल्याकडे असं पाहुण्यासारखं येतं. आयटीआय झालेली आपली मुलं सुरत, नाशिक, पुण्याच्या कारखान्यांत सीएनसीवर उभी राहतात. जॉब लावायचा, ‘सायकल स्टार्ट’चं बटण दाबायचं, जॉब काढायचा. आठ तास, कधी बारा. यंत्राचं झाकण उघडायची त्यांना परवानगी नसते. पाच वर्षं सीएनसीवर काम केलेला मुलगा सुटीत माझ्याकडे येतो आणि स्क्रू, पट्टी, मोटर उघड्यावर पाहून विचारतो, “भाऊ, आतमध्ये एवढंच असतं का?” हो, एवढंच असतं. म्हणून मला हा छंद महत्त्वाचा वाटतो.

माझं यंत्र व्हरांड्यात आहे. सुरुवात बाजारात सुट्या भागांत मिळणाऱ्या संचापासून झाली. त्याची कामाची जागा ३०० बाय १८० मिलिमीटर, म्हणजे वहीच्या जोडपानाएवढी. जुन्या दुचाकीच्या किमतीत तो येतो. त्यात तीन स्टेपर मोटरी असतात. या मोटरीचं वैशिष्ट्य असं, की ती सलग फिरत नाही, पावलं टाकते. एका फेऱ्यात २०० पावलं. ड्रायव्हर नावाचा भाग प्रत्येक पावलाचे आणखी आठ तुकडे करतो, म्हणजे १६०० झाले. मोटरीला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवतो. आठ भागिले सोळाशे, म्हणजे एका तुकड्याला पाच मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. कागदावर हे यंत्र केसाचे चौदा भाग करायला निघालेलं असतं!

प्रत्यक्षात ते तसं कापत नाही. सुतार आणि गवंडी अजून सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. गंमत म्हणजे या छोट्या यंत्रांच्या कटरचा दांडा बरोबर एक सूत जाड असतो. संचातल्या यंत्राने चौकोन कापला तर तो सुताच्या दहाव्या भागाने चुकतो. दाराच्या मोराला ते चालतं. बेअरिंग बसवायचं असेल तर चालत नाही.

ही चूक येते कुठून? एक कारण म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यातली ढिलाई. लेथवाले तिला ‘प्ले’ म्हणतात. मोटर उलटी फिरली की आधी ही ढिलाई भरून निघते, मग कटर हलतो. त्यावर स्प्रिंगने ताणलेला दुहेरी नट बसवतात. काही नियंत्रण प्रणाली ही ढिलाई आकड्याने भरून काढतात. मला तो उपाय अर्धाच वाटतो, कारण चालू कटर जॉबमध्ये घुसताना स्वतःच यंत्राला त्या मोकळ्या जागेतून ओढून घेतो. आकड्याला त्याचा पत्ता नसतो.

दुसरं आणि मोठं कारण म्हणजे लवचीकपणा. नवशिके सुधारणा करायला बसले की आधी मोठी, ताकदवान मोटर मागवतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी एक डायल गेज घ्या, कटरच्या टोकाला टेकवा आणि बोटाने यंत्र दाबा. काटा किती हलतो ते पाहा. दोन टोकांवर टेकलेला गोल दांडा मधोमध दाबला तर त्याचा वाक लांबीच्या घनाने वाढतो. लांबी दुप्पट केली की वाक आठपट. जाडी दुप्पट केली तर मात्र वाक सोळा भागांपैकी एकच उरतो. म्हणून लांबलचक बारीक दांड्यांवर मोठं यंत्र उभं करण्यापेक्षा लहान आणि जाड यंत्र बरं. शक्य असेल तेव्हा गोल दांडे काढून चौकोनी लोखंडी पट्टीवर सरकणारे गाइड लावावेत. या पट्ट्या लांबीभर पायावर घट्ट बसतात, त्यामुळे वाकायला जागाच राहत नाही.

पायाचाही प्रश्न असतो. एमडीएफ स्वस्त, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ते ओल धरून फुगतं. मी ओट्यासाठी कापलेल्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा वापरला. असे तुकडे फरशीवाल्याकडे पडून असतात. तो सपाट असतो, जड असतो आणि थरथर गिळतो. त्याला भोकं पाडणं कटकटीचं आहे, एवढाच त्याचा दोष. काटकोन लावायला गवंड्याचा जुना हिशेब पुरतो. एका बाजूला ३०० मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ४००, तिरपं माप ५०० आलं की काटकोन झाला.

भंगारवाल्याला विसरू नका. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये उत्तम कडक पोलादाचे दांडे मिळतात आणि झेरॉक्स मशीनमध्ये स्टेपर मोटरी. मोठ्या यंत्राला त्या अपुऱ्या पडतात, पण शिकायला यापेक्षा स्वस्त वर्ग नाही.

पुढची पायरी म्हणजे साध्या स्क्रूच्या जागी बॉल स्क्रू. त्याच्या नटात पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे प्ले जवळजवळ राहत नाही. घरगुती यंत्रात बहुधा १६ मिलिमीटर जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा घेतात. तो बसवला की प्रणालीतला आकडाही बदलावा लागतो. पूर्वी एका मिलिमीटरला २०० पावलं होती, आता ३२० लागतात. जुनाच आकडा ठेवला तर १०० मिलिमीटरची पट्टी साडेबासष्ट मिलिमीटरची निघते. कटर फिरवणारी मोटर मी सर्वांत शेवटी बदलली. सुतारांकडे कडा साफ करायचं जे हातातलं ट्रिमर असतं, तेच पकडीत बसवलं. आवाज फार करतं. दुपारी शेजारी झोपलेले असताना ते चालवत नाही.

या सुधारणांमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की नव्या भागांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जुन्याच यंत्रावर कापता येतात. हळूहळू कापतं, कुरकुरतं, पण कापतं. मग त्याच पट्ट्या त्याच्या अंगावर चढतात.

आपल्या भागाच्या म्हणून काही अडचणी आहेत. नंदुरबारला मिरचीचा हंगाम असतो, गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. ती बारीक धूळ तेलकट स्क्रूवर बसली की घासणाऱ्या लेपासारखं काम करते. स्क्रूला रबरी किंवा कापडी आवरण हवंच. मे महिन्यातल्या उन्हाळ्यात ड्रायव्हर तापतात, त्यांना पंखा हवा. ॲल्युमिनियमचा ३०० मिलिमीटरचा तुकडा वीस अंश तापला तर मिलिमीटरच्या आठव्या भागाहून थोडा अधिक वाढतो. म्हणून नेमकं काम मी सकाळी करतो.

आणि वीज. ती गेली की स्टेपर मोटरीला आपण कुठे होतो याची आठवण राहत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बोर्डला त्याच्याच वायरीतून वीज मिळत राहते, आणि बोर्ड समजतो की मोटरी अजून धावताहेत. वीज परत आली की कटर भलतीकडेच चालू लागतो. नुसत्या मोटरींना यूपीएस लावला आणि कटरला नाही, तर त्याहून वाईट. न फिरणारा कटर पुढे रेटला जाऊन मोडतो. वीज गेल्यावर सगळं एकदम थांबलं पाहिजे, आणि परत सुरू करताना यंत्राने कोपऱ्यातल्या स्विचला टेकून आपली जागा नव्याने ओळखली पाहिजे. हे स्विच संचात नसले तरी पहिल्याच महिन्यात लावून घ्यावेत. अर्थिंग नीट नसेल तर कटरच्या मोटरीचा गोंधळ तारांत शिरतो आणि यंत्र मधेच, विनाकारण थांबतं.

याचा उपयोग काय, असं घरचे विचारतात. एका जूनमध्ये शेजारचे काका पेरणी यंत्रातली तुटलेली बियाणे चकती घेऊन आले. ती बनवणाऱ्यांकडे त्या मापाची मिळत नव्हती आणि वाफसा आला की पेरणी कुणासाठी थांबत नाही. चकतीवरच्या खाचा किती आणि किती अंतरावर, यावर रोपांतलं अंतर ठरतं. खाच मोठी झाली तर मक्याचे दोन दाणे पडतात, लहान झाली तर एकही नाही. काकांच्याच पोत्यातले मूठभर दाणे व्हर्निअरने मोजले आणि जाड प्लास्टिकच्या पत्र्यातून चकती कापली. ओसरीवर यंत्राचं चाक हाताने फिरवून दाणे मोजले, खाच अर्धा मिलिमीटर उथळ केली, दुसरी चकती कापली. तिसऱ्या दिवशी पेरणी झाली. शहरातून भाग यायला कदाचित तेवढेच दिवस लागले असते, पण येणारा भाग त्या बियाण्याच्या मापाचा नसता.

प्लास्टिक कापताना एक ध्यानात घ्यावं. हळू चालवलं की सुरक्षित, हा समज इथे उलटतो. कटर जोरात फिरतो आणि पुढे सरकत नाही, तेव्हा तो कापत नाही, नुसता घासतो. घासून तापतो आणि प्लास्टिक वितळून त्याला चिकटतं. फेरे कमी ठेवा, सरकण्याचा वेग वाढवा, एकाच धारेचा कटर वापरा. पीठ न पडता स्वच्छ कीस पडला की समजावं, जमलं.

आता काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत. २०१६ पासून ही योजना सुरू आहे आणि तिथे थ्रीडी प्रिंटरही दिले गेले. ती खोली आठवड्यात किती तास उघडी असते, हे ज्या त्या शाळेने पाहावं. मुलांना यंत्र वापरायला द्याच, पण एखादं उघडायलाही द्या.

सुरू करणाऱ्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय बटण दाबू नये. फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत, ओढणी नको, लोंबणारी बाही नको, कारण कापड गुंडाळलं गेलं की हातही ओढला जातो. एमडीएफचा आणि सर्किट बोर्डचा भुसा फुप्फुसात जातो, तोंडाला मास्क हवा. लाल रंगाचं बंद करायचं मोठं बटण यंत्राच्या मागे नाही, हाताशी बसवा. आणि संच मागवताना कटर दहा जास्तीचे मागवा. पहिल्या महिन्यात ते मोडतातच.