शिरगणतीत न सापडणारी माणसं



अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल आभार. आभाराचा भाग मी इथेच आवरतो, कारण मला आज तुम्हाला कबरस्तानात न्यायचं आहे. अधिवेशन अलिबागला भरवायचं आणि तो विषय टाळायचा, हे काही बरं दिसलं नसतं.

इथून जवळच नवगाव आहे. बेने इस्रायल या यहुदी समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथल्या किनाऱ्याजवळ फुटलं, सात जोडपी तेवढी वाचली आणि लाटांनी किनाऱ्याला आणलेली प्रेतं तिथेच पुरली गेली. त्या दफनाच्या जागा आजही दाखवल्या जातात. गलबत कोणत्या शतकात फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि त्या वादात मी शिरत नाही. वाचलेली माणसं कोकणातल्या गावांत विखुरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून शनवार तेली म्हणवली गेली. गावांवरून आडनावं पडली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. 1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यांतली बहुतेक घरं तिकडे गेली. तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

आता त्यांची नातवंडं-पतवंडं परत येतात. डिमोना, अश्दोद, लोद अशा गावांतून येतात, खांद्याला कॅमेरा असतो, मराठी तुटक असतं, आणि प्रश्न अगदी सरळ असतो: आमच्या पणजोबांची कबर कुठे आहे? हा प्रश्न हौसेचा नाही. दरवर्षी मृत्यूच्या तिथीला कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायची तर ती तिथी माहीत हवी, आणि पुष्कळदा ती दगडाखेरीज कुठेच लिहिलेली नसते.

परदेशातून आलेला माणूस प्रथम जनगणनेचे कागद मागतो. त्यात त्याची चूक नाही. इंग्लंड-अमेरिकेत पूर्वजांचा शोध तिथूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी खुले होतात. 1921 चे तक्ते जानेवारी 2022 मध्ये खुले झाले. अमेरिकेत मुदत 72 वर्षांची आहे. 1950 ची गणना एप्रिल 2022 मध्ये लोकांच्या हाती आली. त्यांचीही दप्तरं कुठे सगळी धड आहेत म्हणा! इंग्लंड-वेल्सचे 1931 चे तक्ते 1942 च्या आगीत जळाले, अमेरिकेच्या 1890 च्या गणनेचाही बहुतेक भाग आगीपायी गेला. पण उरलं तेवढ्यावर काम होतं. आजोबा 1911 ला कोणत्या गल्लीत राहत होते ते कळलं, 1921 ला घरात आजी एकटीच दिसली, की मधल्या दहा वर्षांत त्या गावच्या दफनभूमीची नोंदवही चाळायची. दोन गणनांच्या मध्ये माणूस कुठे गळाला हे पाहून मृत्यूचं साल हेरायचं, ही त्यांची साधी आणि पक्की रीत आहे.

आपल्याकडे ही रीत चालत नाही. आपली पहिली देशव्यापी शिरगणती 1872 च्या सुमारास तुकड्यातुकड्यांनी झाली, एकाच वेळी सगळीकडे झालेली पहिली 1881 ची. प्रगणकांनी घरोघर जाऊन नावं लिहून घेतली यात शंका नाही. पण त्या तक्त्यांवरून आकडे काढले, कोष्टकं छापली, आणि मूळ कागद जपून ठेवायची पद्धतच पडली नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 चा जनगणना कायदा आला. त्याच्या 15 व्या कलमानं या नोंदी कुणालाही पाहायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत, आणि शंभर वर्षांनी त्या खुल्या कराव्यात अशी तरतूदही नाही. म्हणजे कुलाबा जिल्ह्यात अमुक इतके यहुदी होते हे छापील कोष्टकातून मिळतं. त्यांतला आपला पणजोबा कोणता, ते मिळत नाही. 1883 च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये या समाजावर चांगला मजकूर आहे, पण तोही समाजावर आहे, माणसांवर नाही.

मग कागद कुठे शोधायचा? इथे बसलेल्या पुष्कळांना उत्तर ठाऊक आहे, कारण 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात तहसील कचेऱ्यांतली फडकी आपण सगळ्यांनीच सोडली. गाव नमुना 14 म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही. त्यात मयताचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, तारीख आणि पुष्कळदा मरणाचं कारण असतं. विदर्भात हेच काम कोतवाल बुकानं केलं. जातीच्या दाखल्यापुरती एक ओळ उतरवून घेतली, की आपण ती वही मिटतो. त्याच पानावरची मरणाची ओळ कुणी उतरवून घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. मोडी वाचणारी माणसं त्या निमित्तानं पुन्हा तयार झाली आहेत. त्यांना आता पुढचं काम द्यायला हवं.

नमुना 14 हाताला लागला नाही तर फेरफाराकडे वळा. जमीन नावावर असलेला माणूस वारला की आज ना उद्या वारसांची नोंद होतेच. फेरफारात ‘अमुक मयत, वारस अमुक’ असं लिहिलेलं असतं, कधी मृत्यूची तारीखही. भाऊबंदकी असली तर उत्तमच. भांडणाऱ्या घरांनी जितके कागद मागे ठेवले, तितके गुण्यागोविंदानं नांदणाऱ्यांनी ठेवले नाहीत. एक खबरदारी मात्र घ्या. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तिथला कागद कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल. आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव 1981 मध्ये मिळालं, जुन्या कागदावर ते नसणारच.

कागदानं साल दिलं, गाव दिलं, की दगडाकडे जायचं. कोकणातल्या या कबरस्तानांना बहुधा नीटसं कुंपण नसतं. पावसाळ्यानंतर करवंदीच्या जाळ्या आणि रान एवढं माजतं की दोन हातांवरचा दगड दिसत नाही. म्हणून जायचं ते माघ-फाल्गुनात, गवत वाळल्यावर, आणि सकाळी लवकर. ऊन तिरपं असलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दुपारी तोच दगड कोरा वाटतो. झाडीत ऊन पोचत नसेल तर साधा आरसा धरून प्रकाश बाजूनं टाकावा. तारेचा ब्रश, ॲसिड आणि खडू घरी ठेवावेत. शेवाळ काढायला पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. त्यानं निघत नसेल तर राहू द्यावं.

अक्षरं कोरलेल्या दगडावर माथ्याला बहुधा दोन हिब्रू अक्षरं असतात, पे आणि नून. ‘इथे पुरले आहे’ एवढाच त्यांचा अर्थ. तळाला पाच अक्षरं, आत्म्यासाठी प्रार्थना. मधला मजकूर आपला असतो. देवनागरीत नाव, बापाचं नाव, आडनाव, वय. काही ठिकाणी इंग्रजीही. आणि कुठेतरी हिब्रू अक्षरांत साल. हिब्रू न येणाऱ्यालाही ते साल काढता येतं. तव म्हणजे 400, रेश म्हणजे 200, पे म्हणजे 80. बेरीज 680. हजाराचा आकडा लिहीत नाहीत, तो 5 धरायचा, म्हणजे 5680. त्यातून 3760 वजा केले की 1920 येतं. फक्त त्यांचं वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होतं, तेव्हा मृत्यू वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर एक वर्ष आणखी वजा करायचं. शेजारी मराठीत इसवी सन असेल तर ताळा मिळतो. नसेल तर नमुना 14 शी मिळवून पाहायचा.

नावांचा घोळ मोठा आहे. मुंबईत 1796 साली या समाजाचं पहिलं सिनेगॉग उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर. कंपनीच्या फौजेतल्या या अंमलदाराची ही दोन्ही नावं खरी आहेत. जुन्या कागदात सामाजी, पुढच्या पिढीच्या कागदात सॅम्युएल. शोधणाऱ्यानं दोन्ही नावं जवळ ठेवली नाहीत तर एका माणसाची दोन माणसं होतात आणि वंशावळ तिथेच फाटते. दिवेकर वारले मात्र 1797 साली कोचीनला, हेही ध्यानात ठेवावं. आडनावातलं गाव हे पूर्वजांचं गाव असतं. कबर तिथेच असेल असं नाही. पलटणीत, रेल्वेत, पोस्टात नोकऱ्या करणारी ही माणसं बदलीच्या गावी वारली. कराचीत 1893 साली मागेन शालोम सिनेगॉग बांधणाऱ्याचं आडनाव उमर्डेकर होतं. ते सिनेगॉग 1988 मध्ये पाडलं गेलं, तिथलं मेवाशाहचं कबरस्तान शिल्लक आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या एखाद्या घराचा धागा तिथे निघाला तर आश्चर्य वाटायला नको.

एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. मुंबई इलाख्यात वारलेल्या बहुतेक गोऱ्या शिपायांच्या दफनाची नोंद पाद्र्यानं केली, तिची नक्कल लंडनला गेली, आणि ती आजही ब्रिटिश लायब्ररीत मिळते. उलट, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या आपल्या शिपायांचं काय झालं? कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. नावं वहीत राहिली. आज त्या नोंदी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे शोधता येतात आणि पुष्कळ नावांपुढे बापाचं नाव, गाव, तालुकाही आहे, फक्त स्पेलिंग सांभाळून घ्यावं लागतं. सातारा-रत्नागिरीच्या मंडळींनी हे काम अंगावर घ्यावं.

जाळणाऱ्यांना कबरी कुठल्या, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. लिंगायतांच्या, गोसाव्यांच्या समाध्या आहेत. वसईच्या चर्चांच्या नोंदवह्या आहेत, आणि मुंबईत जागेअभावी एकाच कबरीत पुन्हा दफन होतं, तेव्हा तिथे दगडापेक्षा वहीच जास्त भरवशाची.

आता मागणी आणि कामाचं बोलतो. येणाऱ्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे आणि ती डिजिटल होणार आहे. जागा पुरत नाही, कागद कुजतो, या सबबी आता उरत नाहीत. घरोघरची माहिती शंभर वर्षं कडेकोट बंद ठेवावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती नष्ट न करता 2127 साली खुली करावी, अशी दुरुस्ती कायद्यात व्हावी. तसा ठराव या अधिवेशनानं आजच करावा, अशी माझी सूचना आहे.

दुसरं काम आपल्याच हातातलं आहे. प्रत्येक सभासदानं आपल्या तालुक्यातली एक दफनभूमी निवडावी, मग ती कुणाचीही असो. गावनकाशावरून सर्व्हे नंबर काढावा, सातबारावर तिची नोंद आहे की नाही ते पाहावं, कारण ज्या जागेची नोंद नाही तिथे प्लॉट पडायला वेळ लागत नाही. ज्यांची जागा आहे त्या समाजाच्या माणसांना आधी विचारावं. मग एकेका दगडाचा फोटो, जागेचा कच्चा नकाशा, मजकूर आहे तसा, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासकट. कोऱ्या दगडांचीही नोंद हवी. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक त्या समाजाच्या पंचांकडे आणि एक आपल्या कार्यालयात द्यावी. येत्या फाल्गुनाअखेर पहिल्या याद्या कार्यवाहांकडे पोचाव्यात. नावनोंदणीचा कागद दाराशी ठेवला आहे, चहाला जाण्याआधी त्यावर आपला तालुका लिहून जा.