कर भरतो कोण, ओझे वाहतो कोण?

कराची गोष्ट निघाली की आमच्या वाचनवर्गात कोणी ना कोणी म्हणतेच, "कर भरायचा तो शेठजींनी. आपल्या गरिबाला कसला आलाय कर!" आज आपण हेच नीट पाहू.

एक लोखंडी घमेले घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून कर शेकडा १० धरू. खरा दर निराळा असतो.

कारखानदार १०० रुपयांचा पत्रा विकतो. त्यावर १० रुपये कर घेतो आणि सरकारात भरतो. कारागीर त्या पत्र्याचे घमेले करतो. ते १६० रुपयांना दुकानदाराला विकतो आणि १६ रुपये कर घेतो. पण १० रुपये त्याने पत्रा घेतानाच दिलेले असतात. ते वजा करून तो ६ रुपये भरतो. दुकानदार २०० रुपये किंमत लावतो. कर घेतो २०. त्याने आधी दिलेले १६ वजा जातात. तो भरतो ४.

प्रत्येकाच्या हातून मालाचे मूल्य जेवढे वाढले, तेवढ्यावरच त्याने कर भरला. म्हणून याचे नाव मूल्यवर्धित कर.

आता बेरीज करा. १० आणि ६ आणि ४. झाले २०. आणि आपण दुकानात दिले किती? २२०. म्हणजे तिघांनी भरलेले २० रुपये आपल्याच खिशातून गेले की!

विहीर खणताना मातीची पाटी हातोहात वर येते. मधल्यांच्या हातात ती क्षणभरच असते. शेवटचा माणूस ती डोक्यावर घेऊन बांधापर्यंत जातो. कराचे तसेच आहे. शेवटचे गिऱ्हाईक म्हणजे आपण.

कधी गिऱ्हाईक कमी असते. मग दुकानदार आपला नफा थोडा सोडतो. तेव्हा थोडे ओझे त्याच्यावरही पडते. पण जी वस्तू घेतल्यावाचून चालतच नाही, तिथे तो कशाला सोडील?

आणखी एक गोष्ट. घमेल्यावर मजूर २० रुपये कर देतो. मोठा बागाईतदारही २०च देतो. पण मजुराच्या कमाईत ते २० रुपये फार मोठे असतात.

महाराष्ट्रात हा कर १ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराच्या जागी आला. १ जुलै २०१७ पासून बहुतेक मालावर त्याच्या जागी वस्तू व सेवा कर आला. त्यालाच आपण जीएसटी म्हणतो. वजावटीची रीत तीच राहिली. पेट्रोल आणि डिझेल मात्र जीएसटीत नाहीत. त्यांच्यावर राज्याचा व्हॅट अजून आहे.

आता शेतकऱ्याचे बघा. खतावर कर शेकडा ५ आहे. रासायनिक कीटकनाशकावर शेकडा १८ आहे. औषध १,००० रुपयांचे, तर कर १८० रुपये. बिलावर तो दोन भागांत दिसतो. ९० रुपये केंद्राचे, ९० राज्याचे.

कारागिराला पत्र्यावरचा कर वजा मिळाला. मग शेतकऱ्याला औषधावरचा मिळतो का? नाही. कांद्यावर, भाजीवर कर नाही. खाणाऱ्याला ते बरेच आहे. शेतकऱ्यालाही कराची वही ठेवावी लागत नाही. पण विकताना कर घेतलाच नाही, तर वजावट कशातून करणार? बरं, ते १८० रुपये कांद्याच्या भावात चढवावेत, तर भाव लिलावात ठरतो. शेतकऱ्याच्या शब्दावर तो वाढत नाही. म्हणून पाटी त्याच्याच डोक्यावर राहते.

तेव्हा मंडळी, "आपण कर भरत नाही" असे पुन्हा म्हणू नका. आपण रोज भरतो. मग काय करावे?

बिल मागून घ्या. कर लावायचा आणि बिल द्यायचे नाही, असे झाले तर आपला पैसा सरकारात पोचला की गल्ल्यात राहिला, हे कळत नाही.

बिलावर जीएसटी क्रमांक पाहा. त्यात अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून १५ खुणा असतात. महाराष्ट्रातल्या दुकानाचा क्रमांक २७ ने सुरू होतो. ज्याच्याकडे क्रमांक नाही, त्याला बिलात कर लावता येत नाही.

बंद पुड्यावर कमाल किंमत छापलेली असते. तिच्यात सगळे कर आलेले असतात. "वर कर द्या" असे कोणी म्हटले, तर देऊ नका. छापलेला आकडा दाखवा.

आणि ग्रामसभेत हिशेब विचारताना मान खाली घालू नका. रस्ता, शाळा, दवाखाना यांत आपलाही पैसा आहे. मजुराचा आहे, शेतकऱ्याचा आहे, मीठमिरची जपून वापरणाऱ्या माउलीचाही आहे.

आज घरी गेल्यावर एक जुने बिल शोधा. त्यात कराची ओळ कुठे आहे, ती वाचा. वाचायला शिकलो ते याचसाठी.