म्हशाची जत्रा आणि बिस्मथ



तार तापली की रोध वाढतो, हे आपण पाठ केलं. का वाढतो? धातूतले अणू जागच्या जागी थरथरत असतात. त्यांतून जाणारा इलेक्ट्रॉन म्हणजे म्हशाच्या जत्रेतून वाट काढणारा माणूस. उष्णतेने थरथर वाढते, धक्केही वाढतात. तांब्यात अंशामागे सुमारे ०.४ टक्के रोध वाढतो.

पण कडाक्याच्या थंडीत कित्येक धातूंत हीच थरथर सोयरीक जमवते! एक इलेक्ट्रॉन जाताना अणूंना किंचित ओढतो, त्या ओढीने दुसरा मागे येतो. जोड्या जमल्या की रोध शून्य. बार्डीन, कूपर, श्रीफर यांनी १९५७ साली हे मांडलं.

आता आपल्या आसनगावच्या लोकलने मुंबईला चला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ साली एस. रामकृष्णन यांच्या गटाने दाखवलं, की बिस्मथही अतिसंवाहक होतो. निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागावर. त्यात लाखभर अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन! एवढ्या विरळ वस्तीत सोयरीक जमवली कोणी? अणू संथ, इलेक्ट्रॉन चपळ, हे १९५७चं गृहीतकच तिथे टिकत नाही.

हा बिस्मथचा खडा आणलाय. मुलांनो, हातात घ्या. गुलाबी झाक बघा.